आक्काच्या पोटातलं

"वन्सं, आत येऊ का?"

आक्का ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या खिडकीपाशी बसून एका कोटाच्या कोपराला रफू करत होती. तिने मान वर केली. पायरीवर तिची भावजय उभी होती, हातात सफरचंदांची पिशवी घेऊन. आक्काला घराबाहेर काढल्यापासून ही बाई या रस्त्याला फिरकली नव्हती. आज ती आत यायची परवानगी मागत होती, म्हणजे काहीतरी चांगलंच अडलं होतं.

"या की. दुकान काही माझं नाही," आक्का म्हणाली.

दुकान मास्तरांचं होतं. मास्तर गल्ल्यावर बसून कपड्यांना चिठ्ठ्या टाचत होते आणि कान इकडे लावून होते.

भावजय स्टुलावर टेकली. पिशवी आक्काच्या पायाशी ठेवली. "तुमच्या भावाचं काही खरं नाही हो," ती म्हणाली आणि रुमालाने डोळे टिपले. "पोट पाठीला लागलंय. दाढ काढली, तिथे पू झाला, म्हणून गोळ्या. त्यांनी भागेना म्हणून आणखी जहाल गोळ्या. दाढेचं बरं झालं आणि पोट गेलं ते गेलंच. सारखं आत-बाहेर, आत-बाहेर. दुकानात बसवत नाही."

धाकट्या भावाचं दुकान नळ, टाइल्स आणि कमोडचं. बाजारात त्याला कमोडशेठ म्हणत. हल्ली कमोडशेठ आपल्याच मालावर बसून असतो, हा विनोद फिरत फिरत आक्काच्या कानावर आला होता, आणि ती तेव्हा पोटभर हसली होती.

"मग मी काय करू? रक्त हवंय?"

"रक्त नको. डॉक्टरबाई म्हणतात, सख्ख्या बहिणीच्या पोटातलं बघू या."

"पोटातलं म्हणजे?"

भावजयीने मास्तरांकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "म्हणजे पोटातलंच. यांच्या आतड्यातले चांगले जंतू मेलेत. दुसऱ्या कुणाचे तरी आणून सोडायचे. दोघा परक्यांचे सोडून पाहिले, टिकले नाहीत. आता म्हणे आधी आतलं तपासूनच घ्यायचं. एक कॅप्सूल गिळायची. ती आत जाऊन थेंबभर भरून घेते आणि बाहेर येते."

"बाहेर येते ती कुठून?" मास्तरांनी गल्ल्यावरून विचारलं.

भावजय कानापर्यंत लाल झाली.

"जिथून सगळंच येतं तिथून, मास्तर," आक्का म्हणाली. धागा दातांनी तोडला आणि कोटाची घडी घातली. "तो स्वतः नाही आला विचारायला?"

"इथवर यायचं म्हणजे वाटेत दोनदा तरी कुणाचं दार ठोठावावं लागेल हो त्यांना."

धाकटा आक्काच्या कडेवर वाढला होता. आई गेली तेव्हा तो भिंतीला धरून चालायला शिकत होता. त्याच्या शाळेसाठी, मग त्याच्या दुकानासाठी आक्का शिवत राहिली. तिच्या लग्नाचं वय निघून गेलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही. मग धाकट्याचं लग्न झालं आणि आक्काचं अंथरूण मागच्या खोलीत गेलं. भावजयीने तिला कधी उपाशी ठेवलं नाही. ताज्या स्वयंपाकापासून लांब ठेवलं, एवढंच. कालचा भात, परवाची आंबूस भाजी, पातेल्याची खरवड, पिठाच्या चाळणीतला कोंडा, कोबीची देठं. "वन्सं, तुम्हाला काय, दगडसुद्धा पचतील," असं म्हणून ती ताट दारातून आत सरकवायची. आक्का खायची. अन्नाला नावं ठेवायची तिला सवय नव्हती.

पुढे टाइल्स ठेवायला जागा अपुरी पडायला लागली आणि मागच्या खोलीचं गोदाम झालं. आक्का ट्रंक घेऊन निघाली तेव्हा धाकटा दुकानात एका बिल्डरला नळ दाखवत होता. घर वर, दुकान खाली. तिला जिन्यावर पाहून तो धावत आला. आक्काला वाटलं, थांबवायला आला. "आक्का, मागच्या दाराने जा ना," तो हळूच म्हणाला, "पुढे गिऱ्हाईक आहे."

तरीही ती डॉक्टरबाईंकडे गेली. का गेली हे तिला धड सांगता आलं नसतं. धाकटा मरेल या विचाराने तिला रात्री झोप लागली नव्हती हे खरं. आणि तो आपल्यापुढे हात पसरताना एकदा बघायचा होता, हेही तितकंच खरं.

डॉक्टरबाई चाळिशीच्या, आखूड केसांच्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी कॅप्सूल आक्काच्या तळहातावर ठेवली. बोटाच्या पेराएवढी, अर्धी दुधी, अर्धी पारदर्शक.

"हिच्यात घडी घातलेली इवलीशी पिशवी आहे," त्या म्हणाल्या. "वरचं आवरण जठरात टिकतं, लहान आतड्यात पोचलं की विरघळतं. मग पिशवी उघडते, तिथला थेंबभर रस ओढून घेते, फुगते आणि आपली आपण मिटते. पुढच्या वाटेत काहीही लागलं तरी आतला थेंब तसाच राहतो. पूर्वी याच थेंबासाठी घशातून नळी घालत होतो."

"खालून जे येतं त्यावरून नाही कळत?"

"गटाराच्या तोंडाशी उभं राहून वरच्या मजल्यावर काय शिजतंय ते कळतं का? तसंच आहे." डॉक्टरबाई स्वतःच्या बोलण्यावर खूश झाल्या. मग त्यांनी बोट वर केलं. "एक मात्र लक्षात ठेवा. या दिवसांत जंतू मारणारी एकही गोळी घ्यायची नाही. दात दुखू दे, ताप येऊ दे, आधी मला विचारायचं. त्या गोळ्या बऱ्या-वाईटात फरक करत नाहीत, सगळी वस्ती उठवतात. तुमच्या भावाचं तेच झालं."

भाऊ भिंतीकडेच्या खुर्चीत होता. आक्काने त्याला खूप वर्षांनी पाहिलं. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता.

"आक्का," तो म्हणाला, "तुझे उपकार मी..." आणि वाक्य तिथेच टाकून, पोट धरून, दाराबाहेर पळाला.

आक्काने कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि वर पाणी प्यायली. घशात ती क्षणभर अडली, मग गेली. पुढे काहीच जाणवलं नाही. एवढी मोठी चोरी पोटात चालली होती आणि पोटाला पत्ता नव्हता.

तपासण्या चालू असेपर्यंत तिने भावाच्या घरी राहावं असं ठरलं. सोय सगळ्यांचीच होती: खाणं ठरलेलं राहील आणि डबा बर्फात घालून ताबडतोब पोचवता येईल. तिला पाहुण्यांची खोली मिळाली, धुतलेल्या चादरी मिळाल्या. न्हाणीघर म्हणजे शोरूमच होतं. सोनेरी नळ, काचेचं दार, आपोआप लागणारे दिवे. कमोडवर बसवायला डॉक्टरबाईंनी पांढरं घमेलं दिलं होतं. त्यात जे येईल त्यातून कॅप्सूल शोधायची, धुवायची आणि डबीत घालायची.

"मला नाही हो जमणार," आक्का म्हणाली. "रफू करून करून नजर गेली माझी. वहिनी, तुम्हीच बघा."

काळ्या कोटात काळा धागा भरणारी बाई ती. पण हे कुणाला माहीत असायचं?

भावजयीने रबरी हातमोजे चढवले, तोंडाला अत्तर लावलेला रुमाल बांधला आणि चिमटा घेऊन घमेल्यावर वाकली. आक्का हाताची घडी घालून दारात उभी राहिली.

"तिकडे, कडेला बघा. नाही, ते कोबीचं असेल."

भावजयीला उमासा आला. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"सावकाश होऊ दे," आक्का म्हणाली. "घाईत फुटायची. तुमच्या नवऱ्याचा जीव आहे त्यात."

"सापडली," भावजय रुमालाआडून म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"नीट धुवा हं."

अशा तीन-चार खेपा झाल्या. दर खेपेला आक्काची नजर तेवढ्यापुरती जायची. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

निकाल सांगायला डॉक्टरबाईंनी तिघांना बोलावलं. त्या खुर्चीत स्वस्थ बसेनात. "मला आधी सांगा," त्या आक्काला म्हणाल्या, "तुम्ही आजवर खात काय आलात?"

"वहिनींना विचारा. वाढायच्या त्याच."

डॉक्टरबाई भावजयीकडे वळल्या. भावजय पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "साधंच आपलं. घरातलं."

"शिळं," आक्का म्हणाली. "आंबलेलं. कोंडा, देठं, खरवड."

"अहो, मग उत्तमच की!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यानेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण इतकी भरलेली वस्ती मी क्वचित पाहिलीय. भावाच्या पोटात जे जे मेलंय ते सगळं यांच्या थेंबात जिवंत आहे. तुम्ही यांची फार चांगली काळजी घेतलीत."

टोमणा मारावा हे बिचाऱ्यांच्या डोक्यातही नव्हतं. भावजय मात्र पर्स उचलून सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.

आता कॅप्सूल हवी होती ती फक्त खात्रीसाठी, वस्ती अजून तशीच आहे ना एवढं बघायला. खरं औषध घमेल्यातूनच व्हायचं. प्रयोगशाळेत ते गाळून, धुऊन, गोठवून गोळ्यांत भरलं जायचं. पहिल्या डोसाच्या गोळ्या धाकट्यापुढे बशीत आल्या तेव्हा तो त्यांच्याकडे बघत बसला.

"आयुष्यभर मी तुमचं उरलंसुरलं खाल्लं," आक्का म्हणाली. "आता तू माझं खा."

त्याने डोळे मिटून एकेक गोळी गिळली.

आणि गुण आला. आठवडा उलटायच्या आत त्याचं पळणं निम्म्यावर आलं, ओठांचा पांढरेपणा गेला. एका दुपारी आक्का जेवत असताना तो समोर येऊन बसला. "आक्का, भूक लागलीय गं," असं लहानपणी म्हणायचा तसं म्हणाला आणि तिच्याच ताटातला भात खायला लागला. आक्का आत जाऊन दाराआड रडली. त्या दिवशी तिने त्याला माफ करूनच टाकलं होतं. निदान तिला तसं वाटलं.

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, मुळं अजून धरलेली नाहीत. आणखी दोन डोस पोटात जायला हवेत, नाहीतर येरे माझ्या मागल्या. पहिल्याच खेपेच्या मालातून एक डोस तयार होऊन फ्रीजरमध्ये पडला होता. तिसऱ्यासाठी आक्काने पुन्हा कॅप्सूल गिळायची होती, मग पुन्हा घमेलं. ते झालं की दोन्ही डोस पाठोपाठ द्यायचे.

मधल्या काळात धाकटा दुकानात बसायला लागला. एक दिवस तो त्या जुन्या बिल्डरला वर जेवायला घेऊन आला. आक्काने पाण्याचे पेले आणून ठेवले.

"या कोण?" बिल्डरने विचारलं.

"ही होय?" धाकटा खुशीत होता. अंगात ताकद आली होती, गिऱ्हाईक मोठं होतं. "लोक दुधासाठी गाय पाळतात ना? आम्ही औषधासाठी आक्का पाळलीय!"

आणि मग त्याने सगळं सांगितलं. कॅप्सूल, घमेलं, चिमटा, सगळं रंगवून रंगवून. बिल्डर हसता हसता खोकायला लागला. भावजय हसली. "चारा पण काही लागत नाही फारसा," ती म्हणाली, आणि हसण्याची आणखी एक लाट आली.

आक्काही हसली. पेले भरले, ताटं उचलली.

न्हाणीघराच्या आरशामागच्या कपाटात धाकट्याच्या दाढेच्या वेळच्या गोळ्या उरल्या होत्या. आक्काला त्या पहिल्या दिवसापासून माहीत होत्या. तिने दार लावून घेतलं, दिवे आपोआप लागले. पहिली गोळी हातावर घेऊन ती बराच वेळ कमोडच्या झाकणावर बसली. कडेवरचा धाकटा आठवायचा तिने प्रयत्न केला, पण डोळ्यांपुढे येत राहिले ते बिल्डरचे हसताना उघडे पडलेले दात. तिने गोळी गिळली. पुढची कॅप्सूल गिळायची तोवर पाकीट संपत आलं होतं.

यावेळी डॉक्टरबाईंनी तिला एकटीलाच बोलावलं.

"तुमच्या थेंबात औषध सापडलंय," त्या म्हणाल्या. "आणि बाकी काहीच सापडलं नाही. तुम्ही गोळ्या घेतल्यात."

"हो."

"चुकून?"

"नाही."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भाऊ मरू शकतो तुमचा, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"इतका सुंदर नमुना होता," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला. त्यांना रडू येतंय ते नमुन्यासाठी, हे आक्काच्या ध्यानात आलं, आणि तिला त्या बाईचा रागही आला, हेवाही वाटला.

डोळे पुसून त्यांनी चष्मा परत चढवला. "फ्रीजरमधला एक डोस आहे. त्या एकट्याने भागेल की नाही, सांगता येत नाही. पण आहे तो तेवढाच. नवीन माणूस शोधायचा, तपासायचा, तर वेळ जाणार. खरं म्हणजे मी आधी त्यांच्या बायकोलाच विचारलं होतं. एका घरात राहणाऱ्यांचं पुष्कळदा जुळून जातं. पण त्या म्हणाल्या, त्यांना गोळी म्हणून गिळताच येत नाही."

आक्काला भावजयीची सकाळ आठवली. भावजय रोज सकाळी ताकदीच्या गोळ्या घ्यायची. चांगल्या जाडजूड, मधमाशीएवढ्या. मान मागे टाकून, पाण्याशिवाय.

डॉक्टरबाईंनी घरी एवढंच कळवलं की नमुना बिघडलाय. आक्काने ट्रंक भरली. पण निघायच्या आधीच तिच्या पोटात कळ आली, अशी की ती दाराची चौकट धरून खाली बसली. संध्याकाळपर्यंत ती धाकट्यासारखीच आत-बाहेर करायला लागली.

"मग काय होणार!" डॉक्टरबाई तिला म्हणाल्या. "भावाचा जंतू त्या घरात सगळीकडे आहे, नळांवर, भांड्यांवर. तुमच्या पोटात पहारा होता म्हणून इतके दिवस निभावलं. पहारेकरी तुम्हीच मारलेत." मग म्हणाल्या, "फ्रीजरमधला डोस तुमच्या पोटचा आहे. आता तो कुणाला द्यायचा, हे मी ठरवू शकत नाही. तुम्ही ठरवा."

इकडे धाकटाही पुन्हा घसरला होता, पहिल्यापेक्षा जोरात. घरात आजारी दोघं आणि न्हाणीघर एक. खाली दुकानात एकाहून एक देखणे कमोड ओळीने मांडलेले, आणि पाइप एकालाही जोडलेला नाही.

"आक्का, लवकर आवर ना गं!" धाकटा बाहेरून काचेवर थापा मारायचा.

"तूच आत्ता तासभर बसला होतास!"

एका सकाळी तो थापा मारायचा थांबला. काचेतून त्याची आकृती घसरत खाली जमिनीवर बसलेली आक्काला दिसली.

"आक्का," तो म्हणाला, "डोस मला दे. तू धडधाकट आहेस, तू तरशील. मी नाही तरणार."

आक्का आत पोट दाबून बसली होती. "तुझ्या बायकोला विचार," ती म्हणाली. "तिला गोळी गिळता येते का, विचार."

"म्हणजे काय?"

"डॉक्टरबाईंनी माझ्याआधी तिला विचारलं होतं. गिळता येत नाही म्हणाली."

भावजय पेजेची वाटी घेऊन तिथेच आली होती. धाकट्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रोज सकाळच्या त्या गोळ्या त्यानेच तिला आणून दिलेल्या होत्या.

"हे खरं आहे?"

"हो, म्हटलं मी नाही!" भावजयीच्या हातातली पेज हिंदकळली. "मला किळस येते. माझं पोटातलं काढून कुणी तरी चिवडत बसणार, मला नाही सहन होत. आणि वन्सं होत्याच की! त्यांना काय, त्या काहीही करतात."

"म्हणजे मी मेलो असतो तरी तुला..."

"तुमची आक्का होती ना!" ती ओरडली, वाटी जमिनीवर आपटली आणि जिन्याने खाली दुकानात निघून गेली.

आक्काने दार उघडलं. धाकटा भिंतीला टेकून बसला होता, पाय पेजेत. "आक्का, तू तरी," तो म्हणाला. "मी तुझं काय वाकडं केलं होतं? त्या दिवशी जेवताना गंमत केली, तेवढंच ना? माफ कर."

"मी ट्रंक घेऊन निघाले तेव्हा तू मला मागच्या दाराने घालवलंस. पुढे गिऱ्हाईक आहे म्हणालास."

"कधी?"

आक्काने त्याचा चेहरा निरखून पाहिला. लहानपणी तो खोटं बोलला की त्याची डावी भुवई हलायची. आता ती हलली नाही. त्याला खरोखरच आठवत नव्हतं. जी गोष्ट ती इतकी वर्षं उराशी धरून जगली होती, ती त्याच्या लेखी घडलीच नव्हती. तो खोटं बोलला असता तर कदाचित तिने डोस दिलाही असता.

"ऊठ," ती म्हणाली. "न्हाणीघर मोकळं आहे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंच्या खोलीत आक्काने डोसाच्या गोळ्या स्वतः गिळल्या, एकेक करून, घोट घोट पाणी पीत. त्या तिच्याच होत्या. शेजारच्या खुर्चीत भावजय बसली होती. तिच्यापुढे रिकामी कॅप्सूल ठेवलेली होती. तिने मान मागे टाकली आणि ती पाण्याशिवाय गिळली.

धाकटा तेव्हा त्याच दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर सलाइनवर होता. भावजयीच्या कॅप्सूलची वाट बघण्याइतका वेळ त्याच्याकडे नव्हता. आतडं फुगलं, ताप चढला. शेवटी पोट फाडावं लागलं, आणि त्यातून तो उठला नाही. शुद्ध होती तोवर बायको खोलीत आली की तो तोंड भिंतीकडे करायचा. आक्का आली की तिच्याकडे बघत राहायचा. ते तिला जास्त जड जायचं.

तो गेला तेव्हा आक्का ओरडून रडली. ज्या बाईने हे केलं तीच रडत होती आणि रडणं अगदी खरं होतं. एका अंगात दोन्ही मावत होती.

आक्काचं पोट हळूहळू ताळ्यावर आलं. ती भावाच्या घरातच राहिली. जा असं कुणी म्हटलं नाही. भावजय दुकान उघडत नव्हती, केस विंचरत नव्हती. स्वतःच्या कॅप्सूलचं काय झालं हे विचारायला डॉक्टरबाईंकडे जायचा तिला धीर होत नव्हता. आक्का तपासणीला निघाली तेव्हा ती दारापर्यंत आली. "वन्सं, माझंही विचाराल?"

डॉक्टरबाईंनी आक्काचं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, बरं चाललंय म्हणाल्या. भावजयीचं विचारल्यावर त्यांनी मान हलवली. "त्यांच्या थेंबात आपल्याला हवं होतं तेच नव्हतं. अगदी पहिल्या दिवशी घेतला असता तरी काही उपयोग झाला नसता. सांगा त्यांना. मनाला लावून घेतलं असेल बिचारीने."

"सांगते," आक्का म्हणाली.

ती घरी आली. भावजय जेवणाच्या टेबलाशी बसली होती, पुढ्यात चहा निवून साय धरलेला. ती आक्काच्या तोंडाकडे बघत राहिली.

आक्काने चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि तिच्या समोरची खुर्ची ओढून बसली.

"जुळत होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी तुमचं घेतलं असतं तर भागलं असतं, म्हणाल्या."

भावजयीने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.  मग कुठूनतरी खोलातून एक आवाज यायला लागला आणि वाढत गेला.

आक्का उठली आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या.